जहाजावरच्या डॉक्टरांच्या वह्या आणि आपली घराणी: कोणी शोध घेतलाय का?

तांडापेठकर

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं फक्त वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितो. थोडं लांबेल.

आमचं घर मूळचं उमरेडचं. कोष्टी. रेशीमकाठी धोतरं विणायचे. आजोबांच्या तोंडून एक गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. त्यांच्या वडिलांचा थोरला भाऊ मोठ्या दुष्काळात बायकोला घेऊन निघून गेला. "टापूवर गेला" एवढंच म्हणायचे. कुठला टापू, कुणाला ठाऊक नाही. घरात त्याच्याबद्दल राग होता. सूत महाग, धोतराला गिऱ्हाईक नाही, म्हाताऱ्या आईबापाला धाकट्याच्या गळ्यात टाकून तो पळाला, असं सगळे धरून चालले होते. "ना लेकरू ना बाळ, त्याला काय अडचण होती जायला" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

मागल्या दोन वर्षांत मी या माणसाच्या मागे लागलो. टापू म्हणजे फिजी निघाला. कलकत्त्याहून जहाज, साल १८९९-१९००च्या दुष्काळाच्या लगेच नंतरचं. त्याचा पास, म्हणजे कराराचा मजूर म्हणून परदेशी जाण्याचा सरकारी कागद, मिळाला. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं आहे. खुणेच्या रकान्यात लिहिलंय: डाव्या नडगीवर भाजल्याचा व्रण. हे वाचून मी उठून आईकडं गेलो. कारण आमच्याकडं दुसरी एक गोष्ट सांगतात, की सुताला खळ द्यायची उकळती हंडी लहानपणी त्या थोरल्याच्या पायावर सांडली होती. तीच नडगी. सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या डेपोत, म्हणजे जहाजावर चढवण्याआधी मजुरांना ठेवायचे तिथं, कुण्या कारकुनानं त्याचं धोतर वर करायला लावून तो डाग पाहिला आणि लिहून ठेवला.

आता खरा प्रश्न. त्या जहाजावरच्या सर्जनचा प्रवासाचा अहवाल आणि त्यासोबतची जन्म-मृत्यूची यादी मला दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर सापडली. त्या यादीत एक नोंद आहे, तिचा पास क्रमांक आमच्या माणसाच्या एक सोडून पुढचा आहे. ती नीट वाचता येत नाही आणि जे वाचता येतं ते मनात घेता येत नाही. अशा वैद्यकीय कागदांवर कोणी काम केलं असेल तर मार्गदर्शन करावं. जहाजाचं नाव आत्ता देत नाही. तिकडं वंशज असण्याची शक्यता आहे, त्यांना आधी विचारायचंय.

अजबबंगला

तांडापेठकर दादा, नडगीचा व्रण वाचून माझ्या अंगावर काटा आला. आधी अभिनंदन, इथवर पोचणारे फार थोडे असतात.

नोंदीकडं वळण्याआधी एक विचारते, राग मानू नका. पासावर जिल्हा "नागपूर" एवढंच आहे की मध्य प्रांत असं स्पष्ट लिहिलंय? मी शाळेत इतिहास शिकवते आणि या एका गोष्टीपायी माझं स्वतःचं जवळजवळ एक वर्ष वाया गेलंय. जुन्या इंग्रजी कागदात "नागपूर" दिसलं की आपण हरखतो. पण १८३० ते १८६० या काळातल्या कलकत्त्याच्या कागदांत ते बहुतेक वेळा छोटा नागपूर असतं, म्हणजे रांची-हजारीबागचा पठारी मुलूख. मॉरिशसला आणि ब्रिटिश गयानाला सुरुवातीला गेलेल्या लोकांत तिथले आदिवासी भरपूर होते. कागदात त्यांना "धांगड" म्हटलंय, आणि इंग्रजी स्पेलिंग असं की आपल्याला ते थेट "धनगर" वाटतं! मी मेंढपाळ धनगरांचा इतिहास लिहायला बसले होते आणि तो उराँव लोकांचा निघाला.

मध्य प्रांत १८६१ला झाला. त्यानंतरच्या कागदावर प्रांताचं नाव असलं तर मोठा आधार. नसलं तर ठाणं आणि गाव पाहायचं. उमरेडला इंग्रजीत शेवटी "र" लावून "उमरेर" लिहायचे, तसं असेल तर निश्चिंत राहा.

तांडापेठकर

ताई, राग कसला. मध्य प्रांत आहे, जिल्हा नागपूर, ठाणं "उमरेर". मी आधी ते उमरेर कुठलं तरी बिहारमधलं गाव समजून पान उलटवून पुढं गेलो होतो. तीन महिन्यांनी परत आलो.

मिहानवाली

माफ करा, मी नवीन आहे. एक साधा प्रश्न. जहाजावर डॉक्टर कशाला असायचा? मला वाटायचं मजुरांना नुसतं कोंबून न्यायचे.

डॉ_धंतोली

मिहानवाली, प्रश्न साधा नाही, मुळातला आहे.

कायद्यानं डॉक्टर बंधनकारक होता. या मजुरांच्या जहाजांवर त्याला सर्जन-सुपरिंटेंडंट म्हणत. जहाज हाकायचं कप्तानानं, पण माणसांचं सगळं याच्या हातात: जेवण, पाणी, झोपायची जागा, सफाई, औषध. हाताखाली एखादा कंपाउंडर, भाषा कळणारा माणूस, स्वयंपाकाला भंडारी, सफाईला टोपास. कायदा आपोआप आला नाही, माणसं मेली म्हणून आला. १८५६-५७च्या हंगामात कलकत्त्याहून वेस्ट इंडीजला गेलेल्या जहाजांवर सरासरी १७ टक्के माणसं वाटेत मेली. १८५८ला 'साल्सेट' नावाचं जहाज त्रिनिदादला गेलं, त्यावर सव्वातीनशेच्या आसपास माणसं चढली होती, त्यातली १२०च्या वर पोचलीच नाहीत. अशा आकड्यांचा विलायतेत बोभाटा झाल्यावर नियम कडक होत गेले.

मी ४० वर्षं प्रॅक्टिस केली, निवृत्तीनंतर हे कागद वाचायचा नाद लागला. त्यामुळे एक गोष्ट आग्रहानं सांगतो. या सर्जनला पगाराऐवजी डोईमागे पैसे मिळत. जितकी माणसं जिवंत उतरवली, तितके. म्हणून त्याचा अहवाल वाचताना हे लक्षात ठेवायचं की हा माणूस स्वतःचा हिशोब आणि स्वतःचा बचाव दोन्ही लिहितोय. मृत्यू जास्त झाले की तो हमखास लिहिणार, "डेपोतल्या डॉक्टरानं अशक्त माणसं पास केली." डेपोतला डॉक्टर लिहिणार, "चढताना ठणठणीत होती." दोघांचे कागद समोरासमोर ठेवल्याशिवाय खरं हाती लागत नाही. आणि तरीही, त्या माणसांबद्दल त्या अडीच महिन्यांत दुसऱ्या कुणी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. जे आहे ते यातच आहे.

तांडापेठकर, तुमची नोंद इथं उतरवा. जसं दिसतं तसं. अंदाजानं काही भरू नका.

कामठीकर

मध्येच घुसतो, विषय थोडा वेगळा आहे पण याच कागदांचा.

माझे पणजोबा कामठीच्या छावणीतून पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले. शिपाई नव्हे, डोलीवाले. जखमींना उचलून आणायचं काम, आर्मी बेअरर कोअर. घरी एवढंच माहीत होतं की "बसऱ्याहून बोटीनं मुंबईला आजारी आणलं." ती बोट कुठली हे शोधायला मी इस्पितळ-जहाजांचे कागद काढले.

त्यात जे वाचलं ते सांगायलाच हवं. नोव्हेंबर १९१५ला टेसिफोनची लढाई झाली, बगदादच्या अलीकडे. जखमींना टायग्रिस नदीतून साध्या बोटींवर घालून बसऱ्याला पाठवलं. बसऱ्याला 'वरेला' नावाच्या इस्पितळ-जहाजावर मेजर कार्टर म्हणून इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते. 'मेजिदिया' ही बोट येताना त्यांना दिसली. लांबून वाटलं बोटीच्या कडेला दोरखंड लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा होती, वरून ओघळून वाळलेली. वर माणसं दाटीवाटीनं पडलेली, मलमपट्टी कित्येक दिवस बदललेली नाही. कार्टर यांनी तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यांनाच गप्प करायचा प्रयत्न केला. पुढं चौकशी आयोग बसला, १९१७ला अहवाल छापून आला, त्यात ही साक्ष आहे.

माझे पणजोबा त्याच बोटीवर होते असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण आमच्या घरी ते "लढाईवरून आल्यावर कधी कुणाशी धड बोलले नाहीत" असं सांगतात आणि सगळे त्यांना तिरसट म्हणायचे. मी आता म्हणत नाही.

अजबबंगला

कामठीकर भाऊ, तुमच्या पणजोबांना नमस्कार. इस्पितळ-जहाजांत 'लॉयल्टी' नावाचंही एक होतं, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पुढाकारानं भारतीय सैनिकांसाठी सज्ज केलेलं. मूळची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. युद्धानंतर तेच जहाज सिंदिया या भारतीय जहाज कंपनीनं घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून विलायतेला सोडलं. म्हणून ५ एप्रिल आपला राष्ट्रीय सागरी दिन. मुलांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

कामठीकर

हो ताई, पाहिलं आहे. अडचण ही आहे की या जहाजांच्या युद्ध-दैनंदिन्यांत भारतीयांची नावं जवळजवळ नसतातच. "इतके भारतीय चढले, इतके उतरले" एवढंच. डोलीवाल्याचं नाव तर विसराच. म्हणून मी पलटणीच्या मार्गानं चाललोय.

रत्नागिरी_ते_नागपूर

आमचं कुटुंब ३ पिढ्या नागपुरात असलं तरी मूळ रत्नागिरीचं, खलाशांचं. लष्कर म्हणायचे, म्हणजे जहाजावरचे खलाशी. कोकणातल्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. लंडनजवळ ग्रिनिचला खलाशांसाठी 'ड्रेडनॉट' नावाचं इस्पितळ होतं, आधी तर ते चक्क नदीत नांगरलेल्या जहाजावर होतं. १८२६ ते १९३० पर्यंतच्या त्यांच्या भरतीच्या नोंदवह्या टिकल्यात आणि पैसे भरून ऑनलाइन पाहता येतात. नाव, वय, जहाज, जन्मठिकाण, आजार, किती दिवस होता, बरा होऊन गेला की नाही. जन्मठिकाण मात्र बहुतेकांचं "बॉम्बे". माझ्या पणजोबांच्या नावाचे ३ जण आहेत, तिघांचं जन्मठिकाण बॉम्बे, एकाला न्यूमोनिया, एकाचा हात चेमटला, एकाला बेरीबेरी. कुठला आमचा? हात बरोबर होता असं आत्या सांगते. उरले दोन.

तांडापेठकर

डॉक्टरसाहेब, नोंद उतरवतो. रकाने डावीकडून: अनुक्रमांक, पास क्रमांक, नाव, स्त्री/पुरुष, वय, तारीख, कारण.

पास क्रमांक आमच्या थोरल्याच्या पुढचा पुढचा. मध्ये त्याच्या बायकोचा. स्त्री. वय ८ महिने. तारीख आहे, जहाज सुटल्यापासून ४१वा दिवस. कारणाच्या रकान्यात जे आहे ते मला "मॅरास्मस" असं वाटतं. नाव मात्र वाचवत नाही. इंग्रजी अक्षरं टी, मग यू किंवा ए, मग के, मग डबल ई. टी नंतर एच आहे की नुसता शाईचा ओघळ, कळत नाही.

म्हणजे त्यांना लेकरू होतं. मुलगी. घरात कुणाला माहीत नव्हतं की काय, मला समजेनासं झालंय.

डॉ_धंतोली

दादा, सावकाश घ्या.

मॅरास्मस बरोबर वाचलंत. त्या काळच्या वह्यांत तान्ह्या मुलांच्या नावापुढं हा शब्द वारंवार येतो. आपल्याकडं म्हणायचे "पोर सुकलं", तेच. अन्न अंगी न लागून मूल झिजत जातं. बहुधा आधी हगवण लागलेली असते, किंवा गोवर येऊन गेलेला असतो, किंवा आईला दूध नसतं. त्या डॉक्टरांनी शेवटचं दिसणारं रूप लिहिलं, मुळातलं कारण नाही. म्हणून आजच्या निदानासारखं ते वाचू नका. "डेबिलिटी" म्हणजे अशक्तपणा, हाही शब्द यादीत दिसेल. दुष्काळाच्या सालातल्या जहाजावर मोठ्या माणसापुढं डेबिलिटी लिहिलेलं दिसलं, की मी तरी ते "उपाशी" असंच वाचतो. "थायसिस" म्हणजे क्षय. "ॲनासार्का" म्हणजे अंगभर सूज.

आता त्या बाईचा विचार करा. दुष्काळात दिवस गेले, दुष्काळात बाळंतीण झाली. डेपोत नवं अन्न, नवं पाणी. शिडाच्या जहाजाला फिजी गाठायला सुमारे अडीच महिने, वाफेच्या जहाजाला महिनाभर लागे. तुमचं जहाज शिडाचं दिसतं, ४१व्या दिवशीही ते अर्ध्या वाटेवरच होतं. अंगावरचं दूध आटलं तर डब्यातलं दूध एवढाच पर्याय, आणि उष्ण हवेत बोटीवर ते दूध पाजायचं म्हणजे काय ते मी सांगायला नको. रेशनच्या हिशोबात दोन मुलं मिळून एक मोठं माणूस धरत.

एक विनंती. अहवालात "सर्वसाधारण शेरा" असा भाग असेल. त्यात गोवर किंवा हगवणीची साथ आली होती का, कोणत्या आठवड्यात, ते पाहा. आणि यादीतल्या बाकी मुलांच्या तारखाही पाहा. एकटी गेली की बरोबर आणखी गेली, त्यावरून बरंच उमगतं.

मिहानवाली

माझ्याकडं शब्द नाहीत. आईला सांगितलंत का दादा?

तांडापेठकर

नाही अजून. रविवारी सांगेन.

डॉक्टरसाहेब, पाहिलं. गोवर होता. डेपोतूनच आला असं सर्जन लिहितो. ३६व्या ते ५०व्या दिवसात ५ मुलं गेली, सगळी २ वर्षांच्या आतली. आणखी एक वाक्य आहे, मी चारदा वाचलं. "माता दुर्बळ, अर्भकांस देण्यास त्यांच्याकडे काही नव्हते." माझं भाषांतर आहे, शब्द इकडं-तिकडं असतील.

अजबबंगला

दादा, नावाबद्दल. टी-एच असेल तर "ठकी" असू शकतं. आपल्याकडं ठकी, ठकूबाई ही नावं होती, आणि लहान मुलीला लाडानं ठकी म्हणतातही. लाकडी बाहुलीलाही ठकीच म्हणतात. टी-यू असेल तर "तुकी", म्हणजे तुकाबाई. दोन्ही आपल्याच मुलखातली नावं आहेत.

एक लक्षात घ्या, तो कारकून नाव विचारत होता, आई सांगत होती, आणि मधे दुभाषा. उमरेडची कोष्टी बाई, तिची भाषा आपल्या इकडची, दुभाषा हिंदी किंवा बंगाली बोलणारा. आई ज्या नावानं हाक मारायची तेच तिनं सांगितलं असणार. बारशाचं नाव कदाचित वेगळंही असेल.

पासावर नाव पाहिलंत का? यादी जहाजावर केली, पास डेपोत. दोन वेगळे हात. दोन्ही शेजारी ठेवले की एक अक्षर तरी सुटतं.

तांडापेठकर

मुलीचा पास अजून हातात आलेला नाही, तिकडं विचारलंय. फिजीचे पास सुव्याच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, मी आधी थोरल्याचाच मागवला होता. बायकोचं नाव माहीत नव्हतं, मुलगी आहे हेच माहीत नव्हतं.

गिट्टीखदान_७

दादा, तुम्ही 'अभिलेख पटल'वर शोध कसा घेतला? मी नाव टाकून थकलो, काहीच येत नाही. आमचे भंडाऱ्याचे, बहुतेक त्रिनिदादला.

तांडापेठकर

माणसाच्या नावानं कधीच येणार नाही भाऊ. मी त्यातच सहा महिने घालवले. शोध जहाजाच्या नावानं आणि सालानं घ्यायचा. आधी माणूस कुठल्या जहाजानं गेला ते त्या-त्या देशाच्या कागदातून काढायचं, मग जहाज धरून इकडं यायचं. महसूल आणि शेती खात्याची स्थलांतर शाखा होती, तिच्या कामकाजात जहाजांचे अहवाल, मृत्यूंबद्दलचा पत्रव्यवहार, डेपोच्या तक्रारी हे सगळं येतं. जहाजाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाकून पाहा. आणि फाइलचं शीर्षक "मृत्यू" असं नसतं, "अमुक जहाजाचा प्रवास" असं काहीतरी कोरडं असतं.

अजबबंगला

गिट्टीखदान, साल कुठलं ते आधी ठरवा, कारण वाट त्यावरून कळते. १८६७ला मुंबईकडून रेल्वे नागपूरला आली आणि त्याच साली अलाहाबाद-जबलपूर मार्गही सुरू झाला. म्हणजे १८९१ आधी कलकत्त्याला जायचं तर जबलपूरपर्यंत कसंबसं जाऊन पुढं गाडी. १८९१ला बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग पुरा झाल्यावर भंडाऱ्याचा माणूस सरळ कलकत्त्याकडं जाऊ लागला. भरती करणारे अरकाटी रेल्वे स्टेशनं, बाजार, यात्रा इथंच माणसं हेरायचे. १८९६-९७ आणि १८९९-१९००, दोन्ही दुष्काळांत तर त्यांना हेरायचीही गरज नव्हती.

मॉरिशसचे मराठी बहुतेक रत्नागिरी-सातारा बाजूचे आणि मुंबई बंदरातून गेलेले, तो वेगळा रस्ता. त्यांचे कागद तिकडं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि तिथं १८६०च्या दशकापासून मजुरांचे फोटोही आहेत. पणजोबाचा फोटो मिळालेली माणसं आहेत! सुरीनामचं आणखी सोपं, ३४,०००हून जास्त माणसांची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं फुकट खुली केलीय, घरबसल्या गाव टाकून शोधता येते. मी "भंडारा" टाकून एक रात्र जागले होते.

प्रश्नकर्ता_सदर

लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एडीएम १०१' म्हणून जहाजांच्या डॉक्टरांच्या रोजनिशा आहेत असं वाचलं. त्यात आपले लोक मिळतील का?

डॉ_धंतोली

फार कमी. त्या ब्रिटिश नौदलाच्या वह्या, शिवाय ऑस्ट्रेलियाला नेलेल्या कैद्यांच्या आणि गोऱ्या स्थलांतरितांच्या जहाजांच्या. आपले मजूर खासगी जहाजांवर गेले, त्यांचा कागद वसाहतींच्या आणि हिंदुस्थान सरकारच्या दप्तरांत शोधायचा.

पण वाचा जरूर. आजाऱ्यांची यादी कशी ठेवायचे, एखाद्या रुग्णाची हकीकत रोज कशी लिहायचे, शेवटी आजारांचा तक्ता कसा काढायचे, हे तिथं चांगलं कळतं. त्यावर नजर बसली की आपल्या कागदातली अक्षरं लवकर लागतात. मलाही पहिल्यांदा "डिसेंट्री" आणि "डायरिया" वेगळे काढायला दोन आठवडे लागले होते.

गिट्टीखदान_७

धन्यवाद सगळ्यांना. जहाज शोधायला लागतो.

कामठीकर

तांडापेठकर, रविवार गेला. आई कशी आहे?

तांडापेठकर

सांगितलं.

आई ८१ वर्षांची आहे. खाटेवर बसून गव्हातले खडे काढत होती. मी सगळं हळूहळू सांगितलं, पास, व्रण, जहाज, मग ती ८ महिन्यांची. तिनं परात बाजूला ठेवली. "बाप्पा, लेकरू होतं त्याच्याजवळ? कोनीच सांगतलं नाही आमाले." मग बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली की तिच्या सासूच्या सासूबाई, म्हणजे त्या धाकट्या भावाची बायको, "थोरली जाऊ फार रडत गेली" असं एकदा बोलल्या होत्या म्हणे. का रडत गेली, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी धरलं, घर सोडताना बाई रडणारच. आई म्हणते, लेकराला घेऊन जावं की ठेवावं हे त्या बाईला सुचलं नसेल, तान्हं कोणाजवळ ठेवणार. माझ्या मनात आणखी एक आलं. घरच्यांना ती मुलगी ठाऊक असणारच, ८ महिन्यांची होती, इथंच जन्मली. पुढं पत्र नाही, निरोप नाही, आणि एका पिढीत ती गोष्टीतून गळून पडली. मग गोष्ट अशी झाली की त्याला लेकरूच नव्हतं, म्हणून तो सहज गेला.

मी आजवर त्याला पळपुटा म्हणत आलो. माझ्या मुलांनाही तसंच सांगितलं होतं. काल त्यांना बसवून दुसऱ्यांदा सांगितलं.

मिहानवाली

दादा, पुढं त्या दोघांचं काय झालं? फिजीत पोचले ना?

तांडापेठकर

पोचले. दोघंही उतरल्याची नोंद आहे. ५ वर्षांचं गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, उसाचा मळा. त्यापुढचं शोधतोय. १८७९ ते १९१६ या काळात फिजीला ८७ फेऱ्या झाल्या, ६०,०००च्या वर माणसं गेली. त्यातली बहुतेक परतली नाहीत. आमचेही परतले नाहीत. पुढं त्यांना मुलं झाली असतील तर ती आमचीच माणसं. म्हणून जहाजाचं नाव अजून देत नाहीये.

डॉ_धंतोली

बरोबर करताय. आजाराच्या नोंदी फार खासगी असतात, माणूस जाऊन १०० वर्षं झाली तरी. तिकडच्या घरात ही गोष्ट वेगळ्या रूपात सांगत असतील, किंवा मुद्दाम सांगत नसतील. आधी त्यांचं ऐका.

तांडापेठकर

आज सुव्याहून मुलीचा पास आला. स्कॅन स्वच्छ आहे. नाव डेपोतल्या कारकुनानं वेगळ्या हातानं लिहिलंय. टी, एच, यू, के, डबल ई. एच अगदी ठळक आहे. खुणेच्या रकान्यात काही नाही, नुसती रेघ. उंचीच्या जागी "कडेवर".

अजबबंगला

ठकी.

तांडापेठकर

हो ताई. ठकी.

आई विचारते, इंग्रजी तारखेवरून तिथी काढता येते का? तिला हवी आहे. इथं कोणाला जमत असेल तर तारीख खासगीत पाठवतो.

रत्नागिरी_ते_नागपूर

पाठवा. माझ्याकडं वडिलांच्या वेळचं शंभर वर्षांचं पंचांग आहे, संध्याकाळपर्यंत काढून देतो.

रत्नागिरी_ते_नागपूर

काढली, दोनदा ताळा घेतला. आषाढ वद्य षष्ठी. आईंना माझा नमस्कार सांगा.

तांडापेठकर

सांगितला. तिनं देवघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण केली आहे.